जाळं अडकलं तिथे तोफ दिसली, आता पुढे काय?

मालवणकडच्या एका स्कूबा प्रशिक्षकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ओळखीच्या तांडेलाचं, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याचं, जाळं एकाच जागी पुन्हा पुन्हा अडकत होतं. ते सोडवायला प्रशिक्षक स्वतः खाली उतरले, तर साधारण सात वाव (तेरा-एक मीटर) पाण्यात, खडपाच्या म्हणजे पाण्यातल्या खडकाच्या कडेला, तोफेसारखी लांबट लोखंडी वस्तू आणि तिच्या आसपास निळ्या नक्षीची चिनी मातीची खापरं दिसली. गावात बातमी फुटली, खजिना खजिना सुरू झालं. आता तोफ वर काढावी का, काढली तर ती कुणाची, आणि मेटल डिटेक्टर घेऊन आणखी शोध घ्यावा का, असं त्यांना विचारायचं आहे.

आधी जे तातडीचं आहे ते सांगतो. तोफ काढू नका. खापरही उचलू नका. उत्साहाच्या भरात एखादं वर आणलं असेलच, तर ते धुऊन-पुसून शोकेसमध्ये मांडू नका. समुद्राच्याच पाण्यात बुडवून, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत ठेवा आणि ते नेमकं कुठून उचललं हे आजच लिहून ठेवा. खापरात मुरलेलं मीठ सुकताना स्फटिक होऊन फुगतं आणि पृष्ठभागाचे पापुद्रे काढतं. साध्या भाजक्या मातीच्या भांड्यांचे तर या एका कारणाने तुकडे पडतात.

तोफेचं प्रकरण याहून वाईट. ओतीव लोखंड दोन-तीनशे वर्षं खाऱ्या पाण्यात पडून राहिलं की त्यातलं लोखंड हळूहळू विरघळून जातं आणि मागे ग्राफाइटचा सांगाडा उरतो. आकार जसाच्या तसा दिसतो. तोंडाची कड, नळीवरची वळी, गाड्यावर टेकवायचे दोन बाजूंचे खुंट, सगळं जागेवर असतं. पण वरचा थर सुरीने खरवडता येईल इतका मऊ झालेला असतो आणि त्याच्या आत समुद्राच्या मिठातलं क्लोराइड मुरलेलं असतं. पाण्याखाली, शिंपल्यांच्या आणि चुन्याच्या कवचाआड, हे सगळं बऱ्यापैकी स्थिरावलेलं असतं. तीच तोफ क्रेनने उचलून उन्हात ठेवली की हवा आणि ओलावा मिळून आतलं क्लोराइड कामाला लागतं. आधी भेगा पडतात, मग तपकिरी आम्लाचे थेंब पाझरतात आणि शेवटी पापुद्रेच्या पापुद्रे सुटतात. तोफेवर वजनाचे आकडे, ओतणाऱ्या कारखान्याची खूण, राजाची मुद्रा असलीच तर ती याच वरच्या थरावर असते. म्हणजे तोफ कुणाची हे सांगणारा भाग सर्वांत आधी जातो.

हे थांबवायचं तर तोफ अल्कलीच्या द्रावणात बुडवून, मंद विद्युतप्रवाह सोडून, आतलं क्लोराइड बाहेर काढावं लागतं. त्याला महिने लागतात, मोठ्या तोफेला वर्षं. टाकी, वीज, रसायनं, रोज मोजमाप घेणारा माणूस, एवढी तयारी असल्याशिवाय लोखंड पाण्याबाहेर आणणं म्हणजे ते मारणं. चौथऱ्यावर ठेवून काळा ऑइलपेंट मारला की काम झालं, असं आपल्याकडे फार समजलं जातं. त्या रंगाखाली क्लोराइड कोंडून राहतं आणि लोखंड आतून पोखरत जातं.

लाकडाची कथा वेगळी नाही. स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका १६२८ साली बुडाली आणि १९६१ मध्ये वर काढली. लाकडाच्या पेशींमधलं पाणी निघून गेलं की लाकूड आक्रसतं, फाटतं. म्हणून त्यावर पाण्याची जागा घेणाऱ्या पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाची फवारणी सतरा वर्षं चालली, आणि आजही तिथले लोक लाकडात मुरलेल्या गंधकाशी झगडत आहेत. एका श्रीमंत देशाने एका जहाजासाठी उचललेला हा भार आहे. त्यामुळे ‘पुरातत्त्ववाले वस्तू पाण्यातच का ठेवतात’ या नेहमीच्या तक्रारीवर माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा समुद्रतळ हीच आपल्याला परवडणारी सर्वांत चांगली तिजोरी असते.

आता तुम्ही जे पाहिलं त्याकडे येऊ. एक तोफ म्हणजे जहाज नव्हे, हे मनाशी पक्कं ठेवा. खडकावर चढलेलं जहाज हलकं करायला तोफा समुद्रात ढकलून देत. निकामी तोफा नीरम म्हणून, म्हणजे जहाजाच्या तळाशी तोल राखायला, भरत. बंदरात त्या उभ्या गाडून दोर बांधायला वापरत. आणि आपल्या किनाऱ्यावर सापडलेली प्रत्येक तोफ शिवाजी महाराजांच्या आरमाराची, ही घाई तर अजिबात नको. महाराजांच्या आरमाराबद्दल ज्याला खरा आदर आहे त्याने पुराव्याबाबत सर्वांत कडक असायला हवं. वेंगुर्ल्याला डचांची वखार १६३७ पासून होती, खाली गोव्यात पोर्तुगीज, शिवाय इंग्रज, आंग्रे, सावंत, अरबी व्यापारी गलबतं. एवढ्या लोकांची ये-जा असलेल्या पाण्यात तोफ कुणाचीही असू शकते.

मात्र तोफेबरोबर खापरं दिसली म्हणता, म्हणून माझे कान टवकारले. पुढच्या खेपेला उतराल तेव्हा हात न लावता काही गोष्टी टिपता येतील. आधी संपूर्ण जागेचे फोटो, मग जवळचे, प्रत्येकात मापाची पट्टी किंवा दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी. तोफेचं तोंड कोणत्या दिशेला आहे, लांबी किती, बाजूचे खुंट मागच्या टोकापासून किती अंतरावर आहेत. खापराचा तळ वर असेल तर तळावरची खूण आणि खालच्या कड्याचा घाट टिपा. चिनी मातीचा काळ ठरवताना ही दोन अंगं फार बोलतात. आसपासच्या खडकाशी न जुळणारे गोल गोटे एका जागी ढिगाने पडलेत का ते बघा, ते बहुधा नीरमाचे असतात. निसर्गाला सरळ रेषा फारशा जमत नाहीत, तेव्हा वाळूतून डोकावणारी सरळ कड दिसली तर थांबा. तांब्याचा पातळ पत्रा दिसला तर तीही मोठी खूण आहे. लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून तळ वाचवायला तांब्याने मढवण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली, म्हणजे जहाज त्या सुमाराचं किंवा नंतरचं.

एक मोह टाळा: हाताने वाळू उपसणं. लाकूड खाणाऱ्या किड्याला प्राणवायू लागतो. वाळूखाली तो पोहोचत नाही, म्हणूनच जहाजाचा खालचा भाग शेकडो वर्षं टिकतो. तुम्ही कुतूहलापोटी एका बाजूची वाळू काढली की किड्याला दार उघडून दिलंत.

बाहेर काढलेल्या वस्तूपेक्षा ती जिथे पडली ती जागा महत्त्वाची का, हे गोव्याच्या दोन उदाहरणांवरून नीट कळतं. दोन्ही ठिकाणी दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व गटाने काम केलं आहे. १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांनी ज्या कामाचा पाया घातला तोच हा गट.

पहिलं ठिकाण सुंची खडप. गोव्याच्या किनाऱ्यालगतचं, उथळ आणि लाटांनी सतत घुसळलेलं पाणी. जहाजाचं लाकूड तिथे टिकणं शक्यच नव्हतं. पण तोफा मिळाल्या, चिनी मातीची निळी-पांढरी खापरं मिळाली, मर्तबान जातीच्या मोठ्या रांजणांचे तुकडे मिळाले, घडीव दगड मिळाले. आणि त्यांच्याबरोबर हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात. क्षणभर कल्पना करा, की हे सगळं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दिवशी उचलून नेलं असतं. एकाच्या दिवाणखान्यात सुळा, दुसऱ्याकडे बशीचा तुकडा, भंगारवाल्याकडे तोफ. यातली कुठलीच वस्तू एकटी फारसं काही सांगत नाही. एकत्र पडलेल्या मात्र सांगतात. पाणघोडा आशियात नसतो, तो आफ्रिकेचा. सुळेही तिकडचेच मानावे लागतात. मर्तबान रांजण ब्रह्मदेशाच्या बाजूचे, बशा चीनच्या. म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून चीनपर्यंतचा पोर्तुगीज व्यापार एका बुडालेल्या जहाजात एकवटला होता. काळ ठरवला तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. बाजारभावाने बघाल तर या मालाला कुणी खजिना म्हणणार नाही. माझ्या लेखी कोकण-गोवा किनाऱ्यावर याहून मोलाचं फार थोडं सापडलं आहे.

दुसरं ठिकाण ग्रँड आयलंडजवळचं सेंट जॉर्ज खडप. तिथे सोनं-चांदी नाही. तिथे आहे बांधकामाचा माल: भाजक्या मातीची कौलं, फरश्या, धुराड्याच्या विटा, खांबांचे गोल तुकडे आणि खांबांवर बसवायचे पानाफुलांच्या नक्षीचे माथे. समुद्रतळावर एखादा वाडा सुटा सुटा मांडून ठेवल्यासारखं दृश्य. कौलांवर छाप आहे ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ आणि १८६५. कोकणात ज्याचं घर मंगळुरी कौलांचं आहे त्याने माळ्यावर चढून बघावं, जुन्या कौलांवर अशाच कारखान्यांचे छाप सापडतात.

इथे एक फसगत असते. १८६५ वाचून जहाज १८६५ साली बुडालं असं कुणीही म्हणेल. पण ते मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे आणि ते पुढेही कौलांवर छापलं जात होतं. त्यामुळे जहाज १८६५ नंतर बुडालं, एवढंच त्या छापावरून म्हणता येतं. बुडालेल्या जहाजात सापडलेलं नाणं वाचतानाही हाच नियम: सर्वांत नवं नाणं जहाजाला त्याच्या आधी बुडू देत नाही, पण नंतर केव्हा बुडालं ते सांगत नाही. म्हणून एका नाण्याने काम भागत नाही, सगळी लागतात, आणि ती एकाच जागची आहेत याची खात्री लागते. पंचनामा होईपर्यंत जागेवरचं काही हलवत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

आता हक्काचं. समुद्रात सापडलं ते ज्याला सापडलं त्याचं, ही समजूत किनाऱ्यावर सगळीकडे आहे आणि ती साफ चुकीची आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी आणि तळ भारताच्या सार्वभौमत्वाखाली येतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि तिला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. ती परदेशी पाठवणं खाजगी माणसाला बंद आहे. बुडालेल्या जहाजाचा माल सापडला तर तो सरकारने नेमलेल्या ‘रिसीव्हर ऑफ रेक’ला कळवायचा असतो, ही पद्धत व्यापारी नौवहन कायद्यातली. १९५८ च्या कायद्यात मालकाला पुढे येऊन दावा सांगायला एक वर्षाची मुदत होती, आणि वाचवणाऱ्याला वाजवी मोबदला. जमिनीत पुरलेलं धन निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही निघालं तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि धन बेवारस ठरलं, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश असा हिशेब त्याच कायद्यात आहे. सरकारने ते ठेवून घ्यायचं ठरवलं तर किमतीवर आणखी एक पंचमांश धरून पैसे देण्याची तरतूद आहे. म्हणजे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायदा अगदीच कोरडा ठेवत नाही, आणि हे लोकांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तुमची जागा त्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव कायदाही लागतो, आणि प्रवाळ तर कुठेही असो, त्याला संरक्षण आहे. तोफेवर चढलेलं प्रवाळ पहारीने फोडलंत की पुरातत्त्वाच्या आधी वनखातं दारात उभं राहील.

‘मालक शोधून काढणार कोण, सगळे मेले असतील’ असं म्हणणाऱ्यांना मी ‘तिलावा’ची गोष्ट सांगतो. ही मुंबईहून सुटलेली बोट, म्हणून ती आपल्याला ठाऊक असायला हवी. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसं होती, बहुतेक भारतीय. कुणी नोकरीवर परतणारे, कुणी मुलाबाळांसह नवऱ्याकडे निघालेल्या बायका. २३ तारखेला जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारले. २८० माणसं गेली. उरलेली ६७८ ब्रिटिश युद्धनौका ‘बर्मिंगहॅम’ने बहुतांशी वाचवली आणि मुंबईला आणली. बोटीच्या पोटात चांदीच्या २,३९१ लगडी होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेल्या.

२०१७ मध्ये एका खाजगी कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्यातल्या २,३६४ लगडी वर काढल्या आणि इंग्लंडला साउदॅम्प्टनला नेऊन रीतसर जाहीर केल्या. कंपनीचं म्हणणं, आम्ही माल वाचवला, आम्हाला मोबदला द्या. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं, चांदी आमची, ती काढा असं आम्ही सांगितलेलं नाही. खालच्या दोन न्यायालयांनी कंपनीची बाजू घेतली. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: ही चांदी व्यापारी वापरातली नव्हती, म्हणून परकी सत्ता म्हणून दक्षिण आफ्रिकेला दाव्यापासून संरक्षण आहे. बुडाल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनीही मालक जिवंत निघाला. स्पेनच्या ‘मर्सिडीज’ या १८०४ साली बुडालेल्या जहाजाचंही तेच. २००७ मध्ये अमेरिकन कंपनीने सतरा टनांच्या आसपास नाणी विमानाने फ्लॉरिडाला नेली, आणि २०१२ मध्ये अमेरिकन न्यायालयाच्या आदेशाने ती स्पेनला परत गेली.

तिलावाच्या बाबतीत मला चांदीइतकीच ती २८० माणसं महत्त्वाची वाटतात. त्यांच्या नातेवाइकांपैकी अनेकांना बोट कुठे बुडाली, तिच्यावर काय काम झालं, हे कित्येक वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ‘रामदास’ आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. रायगड-अलिबाग भागात आजही घराघरांतून त्या गटारी अमावस्येच्या आठवणी सांगतात. शंभर वर्षं झाली नाहीत म्हणून कायद्याने असे अवशेष पुरावशेष ठरत नाहीत. पण ती थडगी आहेत, आणि तिथे आठवण म्हणूनसुद्धा काही उचलू नये.

खजिन्याच्या कंपन्यांबद्दल माझं मत कडक आहे, पण ते सरसकट नाही. ‘गेरसोप्पा’ हे जहाज घ्या, जोगच्या धबधब्याचंच नाव ल्यालेलं. कलकत्त्याहून चांदी, चहा आणि बिडाचं लोखंड घेऊन निघालेलं हे जहाज फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीने बुडवलं. साडेचार किलोमीटरहून अधिक खोलीवरून २०१२-१३ मध्ये चांदीच्या २,७९२ लगडी निघाल्या. त्याच कामात टपालही हाती लागलं: भारतातून घरी लिहिलेली सातशेहून अधिक पत्रं. अंधार, थंडी आणि प्राणवायूचा अभाव यामुळे कागद टिकला होता. चांदी वितळून तिची नाणी झाली, विकली गेली. पत्रं लंडनच्या टपाल संग्रहालयात लोकांनी वाचली. त्या कंपनीने पत्रं फेकून दिली नाहीत, हे मान्य करायला हवं.

अडचण धंद्याच्या हिशेबात आहे. खोल समुद्रात काम करणाऱ्या जहाजाचा रोजचा खर्च प्रचंड असतो. तो विकता येणाऱ्या मालातूनच भरून काढायचा म्हटला की डोळा चकाकीकडे जातो आणि खापर, हाड, दोर, बिया, लाकडाचा सांधा मागे राहतो. ‘गेल्डरमाल्सन’ हे डच जहाज १७५२ मध्ये बुडालं. १९८५ मध्ये त्यातून दीड लाखाहून अधिक चिनी भांडी आणि सोन्याच्या लगडी काढून पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला लिलाव झाला. भांडी जगभर पांगली. जहाज कसं बांधलं होतं, माल कसा रचला होता, खलाशी काय खात होते, हे विचारायला आता जागाच उरली नाही. इंडोनेशियातलं बेलितुंगचं जहाज त्यामानाने अवघड उदाहरण आहे. नवव्या शतकातलं, अरबी पद्धतीने फळ्या दोराने शिवून बांधलेलं, पोटात साठ हजारांच्या आसपास चिनी भांडी. तेही एका कंपनीनेच काढलं, पण संग्रह मुख्यत्वे एकत्र राहिला आणि सिंगापूरने तो विकत घेतला. तरीही २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियनने त्याचं प्रदर्शन पुरातत्त्वज्ञांच्या आक्षेपांमुळे रद्द केलं. मला तो निर्णय पटला होता, आजही पटतो. विक्रीसाठी काढलेल्या मालाला प्रतिष्ठा मिळाली की पुढची दहा जहाजं लुटली जातात.

योग्य रीतीने केलेलं काम पाहायचं तर ओमानमध्ये पाहा. वास्को द गामाच्या दुसऱ्या फेरीतलं ‘एस्मेराल्डा’ हे जहाज मे १५०३ मध्ये हल्लानियात बेटांपाशी बुडालं. मलबार किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज वखारींचं रक्षण करायचं सोडून हे लोक अरबी जहाजं लुटायला तिकडे गेले होते. वारा फिरणार आहे, जहाजं बेटाच्या दुसऱ्या बाजूला न्या, असं तिथल्या स्थानिकांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी आपल्या लोखंडी नांगरांवर विसंबून ऐकलं नाही. २०१३ ते २०१५ या काळात ओमानच्या सांस्कृतिक वारसा खात्याबरोबर डेव्हिड मर्न्स यांनी तिथे उत्खनन केलं. मर्न्स हे मूळचे बुडालेली जहाजं शोधणारे व्यावसायिक, हे मुद्दाम सांगतो. २,८०० हून अधिक वस्तू निघाल्या: १४९८ साल कोरलेली घंटा, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं नौकानयनाचं ‘ॲस्ट्रोलेब’ हे उपकरण, आणि भारताशी व्यापारासाठी पाडलेलं अत्यंत दुर्मिळ ‘इंडिओ’ हे चांदीचं नाणं. एकही वस्तू लिलावात गेली नाही. युनेस्कोचा २००१ चा करार हेच सांगतो: आधी जागेवर जतन, काढायचंच तर शास्त्राने, आणि विक्री नाही. भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. ती द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

मेटल डिटेक्टरबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात लाटा पुळण खरवडतात आणि चौलसारख्या जुन्या बंदरांच्या आसपास एखादं नाणं वर येतं. ते उघड्यावर दिसलं तर जागा टिपा, फोटो काढा, कळवा. पण डिटेक्टर वाजला म्हणून फावड्याने खड्डा करणं म्हणजे थर उलटेपालटे करणं. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या हद्दीत तर परवानगीशिवाय खणणं गुन्हाच आहे. आणि वाजणारी वस्तू जुना तोफगोळा किंवा युद्धकाळातली दारू असू शकते. अशा वेळी लांब सरा आणि पोलिसांना बोलवा.

पाण्याखाली तर हौशी डिटेक्टरपेक्षा तुमच्या तांडेलाच्या डोक्यात जास्त माहिती आहे. कोकणातल्या प्रत्येक जुन्या तांडेलाकडे जाळं अडकणाऱ्या जागांची यादी असते. पूर्वी ती डोंगराची सोंड आणि देवळाचा कळस अशा खुणा जुळवून लक्षात ठेवत, आता जीपीएसमध्ये असते. जाळं फाटू नये, नांगर जाऊ नये म्हणून जपलेली ही यादी आमच्यासाठी ‘सोनार’ या ध्वनिलहरींनी तळ टिपणाऱ्या यंत्राच्या नकाशाइतकी मोलाची आहे. हिंदी महासागरातलं आजवरचं सर्वांत जुनं ज्ञात जहाज, श्रीलंकेतलं गोडवायाचं, इसवी सनाच्या आगेमागेचं, शंख काढणाऱ्या पाणबुड्यांना २००३ मध्ये सापडलं. त्यांना दिसला होता तो एक दगडी पाटा. तुर्कस्तानातलं उलुबुरुनचं कांस्ययुगीन जहाज १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका माणसाने पाहिलं. ‘कान असलेली धातूची बिस्किटं’ दिसली, एवढंच त्याने सांगितलं. त्या किनाऱ्यावर पुरातत्त्वज्ञ आधीच गावोगाव फिरून तांब्याच्या लगडींची चित्रं दाखवून आले होते, म्हणून त्या वाक्याचा अर्थ ताबडतोब लागला. पुढे १९८४ पासून अकरा मोसम तिथे उत्खनन चाललं. आपल्याकडे कुणीतरी असंच दगडी नांगरांची चित्रं घेऊन बंदरोबंदरी फिरायला हवं. वर दोरासाठी गोल भोक आणि खाली काटकोनात दोन चौकोनी भोकं असलेला लांब घडीव दगड कुठे पायरी म्हणून, कुठे दोर बांधायला वापरात असतो, आणि तो अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांचा नांगर असतो हे घरमालकाला माहीत नसतं.

तेव्हा तुम्ही आणि तांडेल मिळून एक पत्र करा. एक प्रत ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, एक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, एक दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेकडे. जागा अभयारण्यात असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षालाही. तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, भरती-ओहोटीची वेळ, काय पाहिलं, काय उचललं आणि ते आता कुठे आहे, फोटो, आणि कुणी पाहिलं त्यांची नावं, तांडेलाचं नाव सर्वांत वर. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. नंतर शोधाचं श्रेय आणि मोबदल्याचा प्रश्न आला तर तोच कागद उपयोगी पडतो. उत्तर यायला वेळ लागेल, कदाचित दोन-तीनदा आठवण करावी लागेल, ती करा.

तोवर जागा जपणं तुमच्या हातात आहे. अक्षांश-रेखांश व्हॉट्सॲपवर टाकू नका, रील करू नका. पर्यटकांना तिथे नेऊ नका. बुडालेलं जहाज पाहायची त्यांची हौस भागवायला निवतीजवळ नौदलाची निवृत्त ‘गुलदार’ बुडवून संग्रहालय करण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहेच. तुमच्या बोटीचा नांगर त्या खडपावर टाकू नका, बाजूच्या वाळूत टाका. दिवाळीनंतर पाणी निवळलं की पुन्हा उतराल तेव्हा पट्टी, पाटी आणि कॅमेरा एवढंच घ्या. पहार आणि जाळीची पिशवी बोटीवरसुद्धा नको.